डाव्या दाराची खरखर

गाडीत आवाज बसवण्याच्या फंदात शहाण्या माणसाने पडू नये, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. कोणी विचारत नाही, तरी सांगतो. आमच्या बेटावरच्या फालेताई गावात विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही म्हणा. जे झालं ते सगळ्या गावाने आपल्या कानांनी ऐकलं, आणि त्या संध्याकाळी वारा पडलेला होता म्हणून शेजारच्या गावानेही ऐकलं.

सुरुवात एका स्पीकरपासून झाली. एकाच. ही गोष्ट मी माझ्या बायकोला, मकेरिताला, अजूनही बजावून सांगतो आणि ती अजूनही मान फिरवते.

माझे वडील फोनोती आमच्या घराण्याचे मताई, म्हणजे गावच्या सभेत घराच्या वतीने बसणारे, आणि चर्चच्या गायकवृंदाचे जन्मभराचे म्होरके. दर रविवारी मी त्यांना गाडीतून चर्चला नेतो. चर्च पायी जाण्याइतकं जवळ आहे, पण पांढरा कोट आणि पांढरी लावालावा नेसलेल्या मताईने घामाने निथळत देवापुढे जाऊ नये असं आमच्याकडे मानतात. गाडीत बसले की बाबा एक कॅसेट आत सारतात. कॅसेट आमच्याच गायकवृंदाची, माझी आई सिनिवा असतानाची. शहरातून आलेल्या माणसाने त्या दिवशी मायक्रोफोन नेमका आईच्या तोंडासमोर ठेवला होता, त्यामुळे तिचा खालच्या पट्टीतला आवाज बाकीच्या बायकांच्या एक पाऊल पुढे येऊन उभा राहतो.

आणि नेमका तिचा आवाज लागला की डाव्या दारातला स्पीकर खरखरायला लागायचा. दाराचं प्लास्टिक थरथरायचं. बाबा डाव्या बाजूला बसलेले, पंजा दारावर ठेवून, गाणं संपेपर्यंत. मला वाटायचं, बिचारे खरखर थांबावी म्हणून दार दाबून धरतात. मुलगा सरकारी पाणीखात्यात हेडक्लार्क, स्वतःची गाडी बाळगून असलेला, आणि बापाला मेलेल्या बायकोचं गाणं ऐकायला हाताने दार दाबून बसावं लागतं! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"बाबा, हा स्पीकर बदलून टाकू," मी एकदा म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "चांगलंय की."

"खरखरतो हो फार."

"चांगलंय," ते पुन्हा म्हणाले.

आमच्याकडे थोरली माणसं स्वतःसाठी काही मागत नाहीत. तेव्हा 'चांगलंय' याचा अर्थ 'लवकर बदल' असाच असणार, हे मी ओळखलं. मला माणसं ओळखता येतात असा माझा तेव्हा समज होता.

शेजारी सोलोमोना राहतो. त्याची बस आहे. आमच्याकडे येणारी बस लोक बघत नाहीत, ऐकतात. जागा आहे की नाही हा प्रश्न नसतो, जागा नसली तर कोणाच्या तरी मांडीवर बसता येतं. गाणं कसं वाजतंय यावर गिऱ्हाईक ठरतं. सोलोमोनाच्या बसचे ब्रेक अधूनमधून लागतात, पण आवाज कायम लागलेला असतो. अशा जाणकार माणसाला विचारणं मला शहाणपणाचं वाटलं.

"एक स्पीकर?" तो म्हणाला. "पेसामिनो, एक चप्पल कधी कोणी विकत घेतली आहे का? डावा नवा आणि उजवा जुना घातलास, तर तुझी आई अर्धीच गाईल."

आईने अर्धंच गावं असं कोणत्या मुलाला वाटेल? मी चार स्पीकर घ्यायचं ठरवलं.

ते बसवायला सोलोमोनाने मला मीकाकडे नेलं. मीकाची पेट्रोल पंपामागे पत्र्याची शेड आहे आणि पोट शेडच्या बाहेर आहे. त्याने माझ्या गाडीतला कॅसेट प्लेअर पाहिला आणि तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "चार नवे स्पीकर आणि हा प्लेअर? चार पाहुणे बोलावून तारोचा एकच कंद उकडण्यातला प्रकार आहे हा." म्हणून नवा प्लेअर आला. त्यात कॅसेट जात नव्हती, म्हणून कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली. नवा प्लेअर चौघांना पोसेना, म्हणून ॲम्प्लिफायर आला. ॲम्प्लिफायर बॅटरी प्यायला लागला, म्हणून ट्रकची बॅटरी आली. मग मीका म्हणाला, "वरचं सगळं झालं. पण खाली काय? घराला पाया नको?" पायाला सबवूफर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

प्रत्येक टप्प्यावर परत फिरता आलं असतं. फिरलो नाही, कारण पाया नसलेल्या घरात आईला ठेवायचं कसं, हा प्रश्न सोलोमोना रोज कुंपणावरून विचारायचा. जाता जाता त्याने मीकाला आणखी एक सुचवलं, "किल्ली न लावताही वाजेल असं कर. किनाऱ्यावर जेवायला गेलं तर बरं पडतं." मीकाने तसं केलं. शिवाय दारं उघडून आतून काळे, चिकट, डांबरासारखे जाड थर चिकटवले, तुटलेला खटका बदलला आणि डावं दार ठोकून दाखवलं. "आता हे हूं की चूं करणार नाही."

मकेरिता हे सगळं बघत होती. "आईंचा आवाज ऐकायला एवढं लागतं?" ती म्हणाली. "त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या ती चर्चपर्यंत जायची. वायरीशिवाय."

बायकांना तांत्रिक गोष्टी समजत नाहीत, असं मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो हे बरं झालं.

सबवूफर ऑकलंडहून माझ्या चुलतभावाने, तावाने, पाठवला. तिथे आपली पोरं गाड्यांवर भोंगे बांधून एकमेकांशी आवाजाच्या झुंजी लावतात. तावा आता पन्नाशीला आला तरी त्या पोरांतलाच आहे. त्याने पेटी स्वतः बनवली होती. काळं मखमली कापड, चारी कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या, वर नीट खिळलेलं झाकण. लांबी माझ्या कमरेएवढी.

बंदरावरच्या गोदामातला कारकून जांभया देत होता. पेटी पाहिली आणि त्याने पेन खाली ठेवलं. उभा राहिला. "कुठून आली?"

"ऑकलंडहून. चुलतभावाने पाठवली."

"लहान होतं का फार?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मध्यम," मी म्हणालो. "याच्यापेक्षा मोठे असतात."

त्याने डोळ्यांना रुमाल लावला, धडाधड शिक्के मारले आणि दोन हमाल दिले. हमालांनी पेटी खांद्यावर घेतली आणि ते इतक्या सावकाश पावलं टाकत निघाले, की मालाची एवढी काळजी घेणाऱ्या या खात्याबद्दल मी दोन कौतुकाचे शब्दही बोललो. कारकुनाने माझा हात दाबला. त्याची सासुरवाडी आमच्या गावात आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी गावात पोचलो तेव्हा आमच्या घरापुढे गायकवृंद पांढऱ्या कपड्यांत उभा होता. बायकांनी ठेवणीतल्या बारीक विणीच्या चटया आणल्या होत्या. लुपे, जी गायकवृंदात वरच्या पट्टीत गाते आणि इतर वेळीही वरच्याच पट्टीत असते, तिने गाडीतून पेटीचा काळा कोपरा दिसताच हंबरडा फोडला. "अगं बाई, केवढीशी पेटी गं!" बाबा काळा कोट घालून पायरीवर उभे होते. परदेशात गेलेलं आपलं माणूस अखेर असंच पेटीतून घरी येतं, त्यामुळे त्यांच्या दुःखात खोटं काही नव्हतं. मी झाकण उघडलं.

आत पंधरा इंचांचा काळा कुळकुळीत सबवूफर निघाला. लुपे हुंदक्याच्या मध्येच थांबली.

"मी ओळखलं होतं," सोलोमोना मागून म्हणाला. "पण माणसं एवढी मनापासून रडत होती, मध्ये बोलायचं कसं?"

मयताच्या घरी द्यायच्या चटया घेऊन आलेल्या माणसांना 'चुकून आलात' म्हणून परत पाठवता येत नाही. ज्याच्यासाठी आलात तो मेलेला नाही, एवढ्यावरून आमच्याकडे कोणी उपाशी जात नाही. एक डुक्कर कापलं, नारळाच्या दुधात अळूची पानं शिजली, आणि जाताना लुपे म्हणाली, "छान झालं हो सगळं. कोण गेलं ते तेवढं कळलं नाही." त्या दिवसापासून गावातले लोक माझ्या गाडीला 'स्वर्गवासी' म्हणायला लागले. ऑफिसपर्यंत ते पोचलं.

पण हे सगळं मी विसरायला तयार होतो. रविवार उजाडला, बाबा डाव्या बाजूला बसले, मी पेनड्राइव्हवर आईचं गाणं लावलं. गाडी आतून भरून गेली. आरसा खाली वाकला. बाबांनी दारावर पंजा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग काचेवर ठेवला. मग मांडीवर घेतला.

"कसं वाटतंय?" मी मोठ्याने विचारलं.

"गर्दी झालीय," ते म्हणाले.

ही तारीफच. मी मीकाला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं आणि आम्ही दोघांनी त्याच्या शेडमध्ये थंड नारळ फोडले. आज तो प्रसंग आठवला की मान खाली जाते.

आता त्या संध्याकाळचं. सूर्य बुडताना गावात शंख वाजतो आणि सा लागते. रस्ता थांबतो, माणसं घरात चटईवर बसतात, घरोघर प्रार्थना होते. गावचे तरणे गडी काठ्या घेऊन रस्त्याला उभे राहतात. पुन्हा शंख वाजेपर्यंत कोणी घराबाहेर दिसता कामा नये आणि आवाज म्हटला तर फक्त देवाच्या स्तोत्रांचा. सोलोमोनाच्या बसवर जरब बसावी म्हणून बाबांनीच सभेत जास्तीचा दंड मंजूर करून घेतला होता.

त्या दिवशी आमचं स्तोत्रांचं पुस्तक लुपेने नेलेलं. मी म्हटलं, फोनवर काढतो. बोट स्तोत्रावर न पडता तावाने चाचणीसाठी पाठवलेल्या गाण्यावर पडलं. नव्या प्लेअरला दूरवरचा फोन हेरून त्यातलं गाणं वाजवायची सवय होती आणि किल्ली न लावता वाजायची सोय सोलोमोनाने करून ठेवली होती. अंगणात 'स्वर्गवासी' जागी झाली.

धडाम धुडुम, धडाम धुडुम! खुंटीवरच्या टोप्या नाचायला लागल्या. मी घाबरून फोन बंद केला. फोन गेला तसा प्लेअरने पेनड्राइव्ह धरला, आणि त्यावरही पहिलं गाणं तावाचंच होतं.

सगळ्या बाजूंनी उघडं असलेलं आमचं घर. समोर रस्त्यावर उभे असलेले गडी आत वाकून बघत होते. उठावं तर सा मोडते, न उठावं तरी मोडतेच आहे. बाबा मात्र डोळे मिटून प्रार्थना करत होते. त्यांनी तळहात चटईवर टेकला आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"हे प्रभो," त्यांनी आवाज चढवला, "तू भूमीला हलवतोस. आम्ही पापी आहोत!"

भूकंप! बाबांना भूकंप वाटला होता. मग त्यांनी गावातलं एकेक घर नाव घेऊन देवाच्या पदरात घालायला सुरुवात केली. समुद्राकडच्या टोकापासून.

"बाबा, आटपा!" मी कुजबुजलो. मग ओरडलो. ते पास्टरच्या घरापर्यंत आले होते.

उठून चालायला बंदी आहे, रांगण्याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, असा कायदेशीर विचार करून मी चार पायांवर अंगणात गेलो. चर्चचा डीकन, पाणीखात्याचा हेडक्लार्क, कोंबड्यांमधून रांगत. गाडीला कुलूप होतं. किल्ली बाबांच्या कोटाच्या खिशात. ट्रकची बॅटरी संपायचं नाव घेईना.

"डीकनसाहेब," कुंपणावरून एक गडी आदबीने म्हणाला, "काही हरवलंय का?"

सोमवारी सभा भरली. मी दाराशी बसलो होतो. बाबांनी स्वतः उभं राहून स्वतःच्या घराला दंड सांगितला, मासळीच्या डब्यांचे खोके आणि एक डुकरीण. बाकीचे मताई म्हणाले जास्त होतंय. बाबा म्हणाले, कमी आहे. डुकरीण मकेरिताने हातावर वाढवलेली होती. ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि डुकरिणीशी निरोपाचं जे बोलली ते ऐकवत नव्हतं.

सभेत एका नव्या मताईने सहज विचारलं, "पण फोनोती, तुम्ही प्रार्थना थांबवली कशी नाही? ऐकू नाही आलं?"

सगळी म्हातारी मंडळी चटईच्या विणीकडे बघायला लागली. मग सर्वांत थोरले मताई घाईने म्हणाले, "वारा उलटा होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी पानही हलत नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं.

घरी येऊन मी मकेरिताला हे सांगितलं, तेव्हा तिने नारळ खवणं थांबवलं. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"बाबांना ऐकू येत नाही रे. आई गेल्यानंतर हळूहळू गेलंच. तू बोलतोस तेव्हा तुझ्या ओठांकडे बघतात."

"आणि गायकवृंद? दर रविवारी हात हलवतात ते?"

"ते हात हलवतात आणि सगळे लुपेच्या हनुवटीकडे बघून गातात. गावाला माहीत आहे. म्हटलं, तुला माहीत असेल आणि तूही त्यांचा मान ठेवत असशील."

मी घरातलाच, आणि मीच ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटलं. स्पीकर, ॲम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी, आणि हे सगळं ज्यांच्यासाठी त्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मग ती कॅसेट दर रविवारी कशाला, हे मात्र मला तेव्हाही सुचलं नाही.

मी मीकाकडून सगळं काढून घेतलं. सबवूफर चर्चच्या सभागृहाला दिला, तिथे लुपे त्यावर बसून चटया विणते. जुना प्लेअर परत बसवला. जुना स्पीकर सोलोमोनाच्या खुराड्यात एका कोंबडीखाली सापडला. तिने तो सहजासहजी सोडला नाही. पुढच्या रविवारी बाबांनी कॅसेट आत सारली आणि दारावर पंजा ठेवला. आई गायला लागली, मला स्वच्छ ऐकू आली. बाबांनी पंजा जरा पुढे सरकवला, जरा मागे.

"दार मेलंय," ते म्हणाले.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आणि त्यांना दिसतील असे ओठ हलवून विचारलं, "दाराचं काय, बाबा?"

त्यांनी समुद्राकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कान गेले माझे. तुला सांगायचं राहिलं. पण सिनिवा खालच्या पट्टीत उतरली की हे दार थरथरायचं. बाकीच्या कोणाला नाही थरथरायचं. चाळीस माणसं गात असली तरी फक्त तिलाच. हाताला कळायचं, आता तिने श्वास घेतला, आता शब्द धरला." त्यांनी हात मांडीवर घेतला. "नंतर तू तो पाया घातलास तेव्हा सगळेच एकदम आले. त्या गर्दीत मला ती सापडली नाही."

त्या रविवारी आम्ही चर्चला उशिरा पोचलो.

आता माझे शनिवार दाराशी जातात. मीकाचे काळे थर मी मकेरिताच्या नारळखवणीने खरवडून काढले. नवा खटका काढून जुना, तुटका शोधला, तो सापडला नाही, म्हणून दुसरा तसाच तोडला. एक स्क्रू सैल करतो, एक आवळतो, फटीत कधी बाटलीचं बूच घालतो, कधी शिंपला. सोलोमोना कुंपणावरून सल्ले देतो. "जगात लोक खरखर घालवायला पैसे देतात," तो म्हणतो, आणि मग स्वतःच्या बसचा एक गंजलेला खिळा आणून देतो, कारण त्याची बस सगळ्या पट्ट्यांत खरखरते.

रविवारी बाबा पंजा ठेवतात, डोळे मिटतात, आणि मी रस्त्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत गाडी चालवतो. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "हे पुरुष आहेत. मागच्या ओळीतले." पुढच्या खेपेला कपाळाला आठ्या पडल्या. "ही लुपे. हिला कशाला घेतलीस?" हे लुपेला कळलं आणि ती आठवडाभर आमच्या अंगणातून गेली नाही.

परवाच्या रविवारी दार अगदी हलकं थरथरलं. बाबा पुढे वाकले. त्यांनी सावकाश मान हलवली.

"सिनिवाची बहीण," ते म्हणाले. "तिच्याच शेजारी उभी असायची. जवळ आलास."

"पुढच्या शनिवारी बघतो, बाबा."

"घाई करू नकोस. सिनिवा चर्चला नेहमी उशिराच यायची."

चर्चची घंटा वाजली होती आणि लोक आत जात होते. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, दाराचा खालचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि कॅसेट पुन्हा सुरुवातीला नेली.